बझर बंद करणाऱ्याचे मनोगत

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन, हे ठरवायला मला आजही बोटं मोजावी लागतात. मेसच्या मावशी "एकोणऐंशी रुपये दे रे" म्हणाल्या की मी शंभराची नोट पुढे करतो आणि जे परत येईल ते मुकाट्याने खिशात टाकतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. (नाहीतरी संपादक माझा रूम पार्टनरच आहे.)

दुसरी कबुली जरा जड आहे. मागच्या सेमिस्टरला आपल्या डिपार्टमेंटचा सर्व्हर बसला. जुने पेपर गेले, गॅदरिंगचे फोटो गेले, चार बॅचचे प्रोजेक्ट रिपोर्ट गेले. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये त्यावर भरपूर चर्चा झाली. कुणी म्हणालं डिस्क डुप्लिकेट होत्या, कुणी म्हणालं लाइटच्या झटक्याने उडाला, एकाने तर व्हायरसचं नावही सांगितलं. यातलं काहीच खरं नाही. सर्व्हर २३ दिवस आधीपासून ओरडून सांगत होता. त्याचं तोंड मी बंद केलं होतं.

झालं असं. लॅबच्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचं काम थर्ड इयरच्या एका मुलाकडे असतं, आणि यंदा तो मुलगा मी. ओरल्स चालू होत्या. बाहेरचे एक्झामिनर आलेले, आत एका मुलाची दांडी गुल होत होती, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या डब्यातून पीं-पीं-पीं सुरू झालं. सरांनी माझ्याकडे पाहून नुसता हात हलवला. "ते बंद कर जरा." मी स्क्रीन उघडली. तिथे 'डिग्रेडेड' असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, म्हणजे चारपैकी एक डिस्क गेली होती. शेजारी 'सायलेन्स अलार्म' असं बटन होतं. मी ते दाबलं. ओरल्स संपल्या की सरांना सांगू असं ठरवलं. ओरल्स संपल्या, पीएल लागली, पेपर झाले, मी घरी जाऊन आईच्या हातचं जेवून आलो. सर्व्हर आपला छान चालू होता. फाइल उघडत होत्या, कुणाची तक्रार नव्हती. त्यामुळे मीही विसरलो. २३ व्या दिवशी रात्री दुसरी डिस्क गेली आणि सगळं एका क्षणात नाहीसं झालं. पहिली तक्रार आली ती सुद्धा "अरे, मॅथ्स-थ्रीचे पेपर का दिसत नाहीयेत" अशी.

पेपर काय, पुन्हा मिळतील. पण आमच्याच मजल्यावर मेकॅनिकलचा एक सीनियर दादा राहतो. त्याचा फायनल इयर प्रोजेक्ट असा होता की एक बेअरिंग मुद्दाम तुटेपर्यंत चालवायचं, त्याला सेन्सर लावून त्याची थरथर नोंदवत राहायची, आणि तुटायच्या किती आधीपासून तिच्यात फरक पडू लागतो ते शोधायचं. ११ आठवड्यांची रीडिंग्ज. लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून त्याने मला विचारलं होतं, "सर्व्हरवर टाकू का रे? सेफ आहे ना?" आणि मी मोठ्या ऐटीत म्हणालो होतो, "बिनधास्त टाक दादा, रेड आहे." त्याच्या पेन ड्राइव्हवर फक्त पहिल्या सहा आठवड्यांचा डेटा उरला. आणि बेअरिंग तर तुटून गेलेलं. ती रीडिंग्ज पुन्हा घेता येत नाहीत.

मी त्याच्या रूमवर जाऊन सगळं सांगितलं. तो चिडला नाही. फक्त एवढंच म्हणाला, "आवाज कधीपासून येत होता?"

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय. आणि आता माझं एक ठाम मत झालं आहे, तेच सांगायला हा लेख. पण त्याआधी 'रेड' म्हणजे काय ते पाहू, कारण सिव्हिल आणि ईएनटीसीची मंडळीही हे मासिक वाचतात असं संपादक म्हणतात.

रेड म्हणजे लाल नव्हे आणि इन्कम टॅक्सची धाडही नव्हे. १९८८ साली अमेरिकेत बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक पेपर लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळशा छोट्या स्वस्त डिस्क एकत्र जोडा. 'रिडंडंट अ‍ॅरे ऑफ इनएक्स्पेन्सिव्ह डिस्क्स', त्याचं लघुरूप रेड.

यातून वेग कसा मिळतो हे हॉस्टेलवाल्याला समजवायलाच नको. सबमिशनच्या आदल्या रात्री एकच जर्नल चार मित्र वाटून घेतात, एकाकडे पहिली पाच पानं, दुसऱ्याकडे पुढची पाच. चार तासांचं काम तासाभरात उरकतं. डिस्कचंही तसंच, फाइलचे तुकडे करून चार डिस्कवर एकदम लिहायचे आणि एकदम वाचायचे. पण चौघांतला एक जण झोपला तर? जर्नल अर्धवट! आणि चार जणांत कुणीतरी एक झोपण्याची शक्यता एकट्यापेक्षा जास्त असते. त्या पेपरमध्ये हा हिशेब अगदी सरळ मांडलेला आहे. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरा, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास. अशा १०० डिस्क जोडल्या तर त्यातली पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत जाणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणजे वेग हवा असेल तर बिघाड गृहीत धरूनच चालावं लागतं.

मग उपाय काय? तोही आपल्या मेसच्या वहीत आहे. समजा तिघांनी दिलेल्या रकमा आहेत ७, ४ आणि ९. चौथ्या पानावर बेरीज लिहून ठेवा, २०. आता ४ लिहिलेलं पान फाटलं तरी घाबरायचं कारण नाही. २० मधून ७ आणि ९ वजा केले की ४ परत मिळाले. कॉम्प्युटर बेरजेऐवजी एक्स-ऑर करतो एवढाच फरक, त्याला पॅरिटी म्हणतात. सगळ्या बेरजा एकाच डिस्कवर ठेवल्या तर तिच्यावरच सगळा ताण येतो, म्हणून त्या चारही डिस्कवर वाटून टाकतात. हे झालं रेड-५. आपल्या सर्व्हरवर हेच होतं. एक डिस्क गेली तरी वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही, गेलेला आकडा दर वेळी हिशेब करून काढला जातो. दोन पानं फाटली तर मात्र २० मधून काय वजा करणार? सगळं संपलं.

फुकट काही मिळत नाही, हे ओघाने आलंच. वहीतला ४ बदलून ६ करायचा असेल तर जुना आकडा वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा आकडा लिहा, नवी बेरीज लिहा. एका कामाची चार कामं. त्यामुळे छोटं छोटं लिहिणं मंदावतं. त्यावर युक्ती अशी की मधल्या मेमरीत लिहून घ्यायचं, लगेच "झालं" म्हणून सांगायचं, आणि डिस्कवर नंतर सावकाश उतरवायचं. म्हणजे आपण जर्नल शिपाईकाकांच्या हातात देऊन "सबमिट केलं" म्हणतो तसं. काका चाळीस जर्नल जमा करून एकदम सरांच्या टेबलावर नेतात, सगळ्यांचा वेळ वाचतो. पण मध्येच काकांची पिशवी हरवली तर? म्हणून त्या मेमरीला स्वतःची बॅटरी देतात, लाइट गेली तरी "झालं" म्हटलेलं खोटं पडू नये यासाठी. वेगवान आणि भरवशाची यंत्रणा बनवणं म्हणजे ही ओढाताण आहे. "झालं" हा शब्द नेमका कधी उच्चारायचा?

आता मुद्द्याचं बोलतो. रेड-५ किती भरवशाचं याचं सूत्र त्याच १९८८ च्या पेपरवरून निघतं. एका डिस्कच्या सरासरी आयुष्याचा वर्ग करा. त्याला डिस्कच्या संख्येने, मग उरलेल्या डिस्कच्या संख्येने, आणि मग गेलेली डिस्क बदलून पूर्ववत व्हायला लागणाऱ्या वेळाने भागा. हा शेवटचा आकडा नीट बघा. त्या पेपरमध्ये दुरुस्तीचा वेळ धरलाय १ तास. आपल्या चार डिस्कना हे लावू. ३०,००० चा वर्ग, भागिले ४, भागिले ३, भागिले १. उत्तर येतं साडेसात कोटी तास, म्हणजे साधारण साडेआठ हजार वर्षं! वा! आता १ तासाच्या जागी माझे २३ दिवस घाला, म्हणजे ५५२ तास. उत्तर येतं साडेपंधरा वर्षं. एक बटन दाबून मी भरवसा ५५२ पटींनी कमी केला.

आणि डिस्क कधीच बदलली नाही तर? चारांतली पहिली जायला सरासरी ७,५०० तास, मग तिघांतली एक जायला १०,००० तास. एकूण १७,५००. एकटी डिस्क ३०,००० तास चालते! म्हणजे ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही असं रेड-५ एका साध्या डिस्कपेक्षाही वाईट. हा हिशेब मी तीन वेळा करून पाहिला, कारण माझा विश्वासच बसेना. आपल्याला वाटतं आपण सुरक्षितता विकत घेतली. खरं तर आपण विकत घेतो तो थोडासा वेळ, दुरुस्ती करण्यापुरता. तो वेळ वापरला नाही तर पैसे पाण्यात.

आणि हे सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे, की डिस्क एकमेकींशी संबंध न ठेवता आपापल्या मरणाने मरतात. कंपन्यांनी पुढे रेडमधला 'इनएक्स्पेन्सिव्ह' काढून 'इंडिपेंडंट' असा शब्द घातला. पण आपल्या चारही डिस्क एकाच दुकानातून, एकाच बिलावर, एकाच दिवशी आलेल्या. एकाच डब्यात, एकाच पंख्याच्या वाऱ्यावर, लाइटचे सगळे झटके त्यांनी सोबतच खाल्लेले. कसल्या इंडिपेंडंट? सख्ख्या बहिणीच त्या. १९८८ च्या पेपरमधल्याच गार्थ गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्याबरोबर २००७ साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या कागदावर आयुष्य लिहिलेलं असतं दहा ते पंधरा लाख तास, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क जायला हव्यात. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के बदलाव्या लागणं ही सर्रास गोष्ट निघाली, काही ठिकाणी आकडा १३ टक्क्यांपर्यंत गेला. शिवाय बिघाड सुटे सुटे न येता जोडून येतात असंही दिसलं. आपल्या आज्या म्हणतात ना, संकट एकटं येत नाही! आजीचं म्हणणं सांख्यिकीने खरं ठरलं.

त्याच वर्षी गुगलच्या लोकांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक गोष्ट मला फार बोचली. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या काही नोंदी ठेवत असते. पण गेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी सगळ्यात भरवशाच्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे अर्ध्याहून अधिक डिस्क न सांगताच जातात. आपल्या वेळी तर एक डिस्क गेल्याचं सर्व्हर पीं-पीं करून सांगत होता.

सर्व्हर गेल्यावर डिपार्टमेंटमध्ये मीटिंग झाली. मीटिंगमध्ये निघालेला निष्कर्ष असा, की पुढच्या वेळी चांगल्या कंपनीच्या, महागड्या डिस्क घ्यायच्या. सर आणि मॅडम लोकांचा पूर्ण आदर ठेवून मला हे पटत नाही. पुन्हा सूत्र बघा. दुप्पट आयुष्याच्या डिस्क आणल्या तर वर्गामुळे भरवसा ४ पट वाढेल. पण गेलेली डिस्क २३ दिवसांऐवजी एका दिवसात बदलली तर तो २३ पट वाढेल. त्यासाठी काय लागतं? कपाटात एक जादा डिस्क आणि ती बदलण्याची जबाबदारी असलेला एक माणूस. आज आपल्याकडे डिस्क घ्यायची तर तीन कोटेशन, मग परचेस कमिटी, मग सही. डिस्क जायच्या आधी कोटेशन मागवता येतात, गेल्यानंतर नाही!

आमच्या पोरांचं मत वेगळंच. "कशाला सर्व्हर? क्लाउडवर टाक ना." क्लाउड वाईट नाही, एक प्रत तिथे जरूर असावी. पण क्लाउड म्हणजे आकाश नव्हे, तीही कुणाच्या तरी खोलीतल्या डिस्कच. तिथले लोक नशीबवान आहेत असं नाही, त्यांनी फक्त बिघाड हा रोजचा धंदा मानलाय. गुगलने २००३ साली आपल्या फाइल सिस्टिमवर पेपर लिहिला, त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की भाग बिघडणं हा अपवाद नसून नियम आहे. फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे, प्रत्येकाच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर. मुख्य मशीन बाकीच्यांशी ठरावीक वेळाने हार्टबीट संदेशांची देवाणघेवाण करत राहतं. एखादं गप्प झालं की त्याच्याकडच्या तुकड्यांच्या नव्या प्रती दुसरीकडे आपोआप बनू लागतात. फरक लक्षात घ्या. तिथे गप्प बसणं हीच धोक्याची खूण. आपल्याकडे गप्प बसलेला सर्व्हर म्हणजे चांगला सर्व्हर!

तीन प्रती म्हणजे तिप्पट जागा. तीही वाचवता येते, आणि ती युक्ती आपण फर्स्ट इयरला शिकलोय. मघाच्या ७, ४, ९ ची बेरीज २०. आता आणखी एक बेरीज ठेवा, पहिल्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने गुणून. ७, ८ आणि २७ मिळून ४२. आता ७ आणि ४ ही दोन्ही पानं फाटली तरी दोन अज्ञात आणि दोन समीकरणं उरतात, सोडवा! हीच कल्पना नीट गणितात बसवून रीड आणि सॉलोमन यांनी १९६० साली कोड दिला. तो सीडीवर ओरखडे पडले तरी गाणं वाजतं त्यामागेही आहे आणि आजच्या मोठ्या साठवण यंत्रणांमध्येही. हडूपमध्ये सहा तुकड्यांना तीन जादा तुकडे जोडतात. नऊपैकी कुठलेही तीन गेले तरी चालतं, आणि जागा लागते फक्त दीडपट. रेड-६ मध्येही अशाच दोन बेरजा असतात. आजच्या मोठ्या डिस्कना ते लागतंच. कारण ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटने भरत बसलं तरी ११ तास लागतात, आणि त्या वेळात उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचाव्या लागतात. थकलेली बहीण त्याच वेळी मान टाकते.

पण कोड कितीही हुशार असो, तो फक्त डिस्कच्या बिघाडाला पुरतो. माणसाच्या चुकीला आणि आगीला नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करून थकलेल्या एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी! बॅकअप कित्येक दिवस फेल होत होता. तसं सांगणारे ईमेलही जात होते, पण ते वाटेतच नाकारले जात होते. म्हणजे त्यांचाही बझर बंदच. योगायोगाने सहा तास आधी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. त्यांच्या मोठेपणाची गोष्ट अशी की हे सगळं त्यांनी स्वतःच जगजाहीर केलं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. डेटा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली नव्हती.

आणि आपल्या मुंबईत? २४ फेब्रुवारी २०२१ ला नॅशनल स्टॉक एक्स्चेंज सकाळी ११:४० ला बंद पडलं आणि पावणेचारला पुन्हा सुरू झालं. एनएसईने दिलेल्या स्पष्टीकरणानुसार टेलिकॉम लिंकमध्ये बिघाड झाला आणि त्यामुळे मुख्य स्टोरेजच सर्व्हरना मिळेनासं झालं. म्हणजे बिघाड झेलण्यासाठी केलेली जोडणीच गळ्याशी आली. यातून शिकायचं ते हे, की बिघाड झेलणारी यंत्रणा हीसुद्धा यंत्रणाच आहे. ती चालते की नाही हे मुद्दाम बिघाड करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तर माझं मत एका वाक्यात सांगतो. बिघाड वापरणाऱ्यापासून जरूर लपवावा, पण सांभाळणाऱ्यापासून कधीच लपू देऊ नये. चांगल्या यंत्रणेचा गुण हाच की डिस्क गेली तरी कुणाला कळत नाही, आणि तिचा धोकाही तोच. जी गोष्ट बिघडूनही चालते तिच्याकडे आपण बघणं सोडून देतो. मेसचा कुकर, जिन्यातला दिवा, पाण्याच्या टाकीचा दुसरा पंप, सगळीकडे हेच चाललंय. पहिला पंप कधी जळाला ते कुणाला माहीत नसतं. दुसरा जळतो तेव्हा आंघोळ चुकते आणि मग रेक्टर सरांच्या नावाने बोंब.

नुसती टीका करून उपयोग नाही, म्हणून आपल्यापुरत्या चार गोष्टी सुचवतो. एक, सर्व्हरशेजारी रजिस्टर ठेवा. बझर बंद करणाऱ्याने आधी तारीख, वेळ, कारण आणि सही करायची. ही सही असती तर तीन दिवसांत कुणीतरी मला विचारलं असतं. दोन, एक जादा डिस्क कपाटात, आजच, आणि पुढच्या डिस्क वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या. तीन, एक प्रत दुसऱ्या इमारतीत. लायब्ररीत ठेवा, मेकॅनिकलला ठेवा, पण त्याच लॅबच्या त्याच प्लगवर नको. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून पुसलेली फाइल रेड चारही डिस्कवरून तेवढ्याच इमानाने पुसतं. चार, महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादी फाइल परत काढून दाखवायची. ज्यातून कधी काही परत काढलंच नाही त्याला बॅकअप म्हणू नका. हे प्रॅक्टिकल म्हणून आम्हाला लावा हवं तर, जर्नलमध्ये लिहितो!

राहता राहिलं, डिस्क लगेच बदलली असती तर दादाची रीडिंग्ज वाचली असती का? प्रामाणिकपणे सांगायचं तर खात्री नाही. नवी डिस्क भरतानाच दुसरी गेली असती असंही झालं असतं. पण एक नक्की. पहिली डिस्क गेली त्या संध्याकाळी सगळा डेटा अजून शाबूत होता, वाचता येत होता. खिशातून एक पोर्टेबल डिस्क काढून दादाचा एक फोल्डर कॉपी करायला मला तासही लागला नसता. माझ्याकडे तसे ५५२ तास होते.

दादाने सहा आठवड्यांवरच रिपोर्ट लिहिला. बेअरिंग तुटायच्या आधीचे शेवटचे दिवस, ज्यासाठी सगळा खटाटोप होता, तेच त्यात नाहीत. रिपोर्टच्या आभाराच्या पानावर त्याने माझं नाव घातलंय. ते त्याने का घातलं हे मी त्याला विचारलेलं नाही.

सर्व्हरमध्ये आता नव्या डिस्क आल्या आहेत. रजिस्टर अजून आलेलं नाही, म्हणून सध्या माझी दोनशे पानी वहीच तिथे दोरीने बांधून ठेवली आहे. कधी लॅबवरून जाताना पीं-पीं ऐकू आली तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, ओरल्स चालू असोत, मला उठवा. शिव्या घालून उठवलंत तरी चालेल. पण आवाज बंद करायच्या आधी त्या वहीत एक ओळ लिहा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका चालतील.

— टी.ई. कॉम्प्युटर